दहाव्या दिवशी पाणी कोण घालणार?



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा भाद्रपद सरत आलेला असेल. पितृपक्ष आटोपला की घराघरांत घट बसतील. बडोद्याचे नवरात्र म्हटले की बाहेरगावच्या लोकांना गरबा आठवतो, आणि त्यात काही चूक नाही. आपली मुले-मुलीही त्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत मैदानातच असतात. पण आपल्या घरांत रोज सकाळी आणखी एक गोष्ट घडत असते. पत्रावळीवर किंवा परातीत माती पसरायची, तीत धान्य पेरायचे, मध्ये कलश ठेवायचा आणि नऊ दिवस त्या मातीवर पाणी शिंपडायचे. घरात कोणाला ताप असो, कोणाची परीक्षा असो, कचेरीत कितीही काम असो, घटाचे पाणी चुकत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंकुर दिसतात आणि माळ वाहताना घरातले धाकटे पोर रोज वाकून बघते की आज किती उंच झाले.

नवमीला, काही घरांत दसऱ्याला, घट उठतात. पाती देवाला वाहायची, थोडी टोपीत किंवा वेणीत खोवायची, माती कुठल्यातरी झाडाच्या बुंध्याशी टाकायची आणि परात घासून पुन्हा फडताळात. नऊ दिवसांत घराला पाणी घालण्याची जी सवय लागली, तीही त्या परातीबरोबर फडताळात जाते. पुढचे वर्षभर तिची कोणाला आठवण येत नाही.

आज आम्ही लिहीत आहोत ते या सवयीविषयी. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: प्रत्येक घरी तुळस, गवती चहा, पुदिना, कोथिंबीर, कढीपत्ता अशी रोजच्या उपयोगाची चार-पाच झाडे असावीत, त्यांची खरी जोपासना शरद ऋतूच्या आरंभी सुरू व्हावी, आणि शाळेने यापुढे रोप लावल्याची शाबासकी देण्याचे थांबवून रोप टिकवल्याची शाबासकी द्यावी.

जुलैचा फोटो

दरवर्षी जुलै महिन्यात आपल्याकडे वृक्षारोपण होते. प्रमुख पाहुणे येतात, मुले रांगेत उभी राहतात, रोपाला पाणी घालताना फोटो निघतो. आम्हीही त्या फोटोंत आहोत, तेव्हा हे दुसऱ्या कोणाला बोल लावण्यासाठी लिहिलेले नाही. पावसाळ्यात लावलेले रोप ऑगस्टभर छान दिसते, कारण त्याची काळजी पाऊस घेत असतो. सप्टेंबरच्या अखेरीला पाऊस परतू लागतो. मग ऑक्टोबरचे ऊन पडते. मागोमाग दिवाळीची तीन आठवड्यांची सुट्टी लागते आणि शाळेला कुलूप लागते. सुट्टीनंतर आम्ही परत येतो तेव्हा भिंतीलगतच्या कुंड्यांत नुसत्या काड्या उभ्या असतात. हे इतक्यांदा झाले आहे की आता त्याचे कोणाला वाईटही वाटत नाही. पुढच्या जुलैत त्याच कुंड्यांत नवी रोपे येतात, नवा फोटो निघतो.

एकदा पाचवीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, मागच्या वर्षीची झाडे पास झाली का?" सगळे हसले. उत्तर मात्र आमच्याकडे नव्हते.

शरदात काय बदलते?

पावसाळ्यात कुंडीला माणसाची फारशी गरज नसते. शरदात ती लागते, आणि त्याची कारणे मुलांनाही सहज समजण्यासारखी आहेत.

पहिले कारण मातीचे. तीन महिने पाऊस कोसळला की कुंडीतले खत पाण्याबरोबर खालच्या छिद्रातून वाहून जाते. म्हणून सप्टेंबरमध्ये झाडांची खालची पाने पिवळी पडू लागतात. आपली बडोद्याची माती काळी. ती ओली असताना चिकटते आणि वाळली की आवळून भेगा पडतात. कुंडीत ती नुसतीच भरली असेल तर ऑक्टोबरात तिची वीट होते. वरून घातलेले पाणी कडेने सरळ खाली निघून जाते आणि मुळे कोरडीच राहतात.

दुसरे कारण उन्हाचे. २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस आणि रात्र सारखे होतात आणि त्यानंतर सूर्य दक्षिणेकडे कलत जातो. जूनमध्ये बडोद्यात भर दुपारी तो जवळजवळ डोक्यावर असतो. नवरात्रापासून मात्र दक्षिणेकडच्या गॅलरीत ऊन आत शिरू लागते आणि उत्तरेकडच्या गॅलरीतले निघून जाते. कुंडी तिथेच असते, तिच्या वाट्याचे ऊन बदललेले असते. मुलांनो, हे पुस्तकातून शिकण्यापेक्षा घरी करून बघा. दर रविवारी दुपारी बारा वाजता गॅलरीच्या फरशीवर उन्हाची कड जिथे येते तिथे खडूने रेघ मारा आणि तारीख लिहा. दिवाळीपर्यंत सूर्य किती सरकला ते तुमच्या फरशीवरच लिहिलेले असेल, आणि कुंड्या कुठे हलवायच्या तेही कळेल.

तिसरे कारण पाण्याचे. हस्ताचा एखादा पाऊस येऊन जातो, भोंडल्याच्या मुली भिजतात, आणि आपल्याला वाटते अजून पावसाळा आहे. त्याच आठवड्यात लहान कुंडी एका दिवसात वाळते. पाणी केव्हा घालावे याला घड्याळ नको. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसावे. ओल लागली तर थांबावे, कोरडे लागले तर खालच्या छिद्रातून निघेपर्यंत घालावे. पाणी सकाळी घातलेले बरे.

घट बसण्याआधीचा आठवडा

घट बसण्याआधी घराची साफसफाई होतेच. त्यातला एक तास कुंड्यांना द्यावा. वरची दोन बोटे माती खुरप्याने किंवा जुन्या चमच्याने मोकळी करावी. खालचे छिद्र काडीने साफ करावे. प्रत्येक कुंडीत मूठ-दोन मुठी चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळावे. नवी कुंडी भरायची असेल तर काळी माती, वाळू आणि खत सारख्या भागांनी घ्यावे. चहाचा चोथा घालायचा तर तो धुऊन घालावा. साखरेसकट घातला की मुंग्यांना आवतण जाते.

आता एकेका झाडाचे पाहू.

तुळशीला या दिवसांत मंजिऱ्या लदबदून येतात. त्या तशाच राहू दिल्या की झाड बी धरण्यात गुंतते आणि पाने बारीक होतात. बियाण्यापुरत्या दोन-चार ठेवून बाकीच्या खुडाव्यात. कार्तिकात तिचे लग्न लावायचे आहे, तेव्हा नवरीची काळजी आश्विनातच घ्यायला हवी. अनेक घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी धावत जाऊन बाजारातून नवी तुळस आणावी लागते, हे आपल्याला ठाऊक आहे.

गवती चहाचे ठोंब पावसात दाट झालेले असतात. वाळकी पाने काढून टाकावीत आणि हिरवी पाने जमिनीपासून चार बोटे ठेवून कापावीत. पात्याची कड धारदार असते, म्हणून लहान मुलांनी ओढून तोडू नये. ठोंब कुंडीत मावेनासा झाला असेल तर मुळांसकट दोन-तीन भाग करून एक आपल्याकडे ठेवावा आणि बाकीचे वाटून टाकावेत.

पुदिना पावसाने सडल्यासारखा किंवा डागाळलेला दिसतो आणि आपण तो मेला समजून फेकतो. तसे करू नये. दोन बोटे ठेवून छाटावा आणि वर खत-माती पसरावी. थंडी पडू लागली की तो पुन्हा फुटतो. घरी नसेल तर बाजारच्या जुडीतल्या चार जाड काड्या खालची पाने काढून पाण्याच्या पेल्यात ठेवाव्यात. आठवड्याभरात पांढरी मुळे दिसू लागतात, मग कुंडीत लावाव्यात.

कोथिंबीर हे थंडीचे पीक आहे. फार उकाड्यात पेरली तर ती पाने धरण्याआधीच फुलावर जाते. म्हणून दसऱ्याच्या सुमाराची पेरणी चांगली. अख्ख्या धन्यात दोन बिया जोडून असतात. लाटणे हलक्या हाताने फिरवून त्या सुट्या कराव्यात, रात्रभर भिजत घालाव्यात आणि पेराव्यात. उगवायला आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. ज्यांना इतका धीर नाही त्यांनी शेजारच्या कुंडीत मेथी पेरावी. ती तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याच्या आत भाजीत जाते.

ओव्याच्या पानाची फांदी बोटभर तोडून मातीत खोचली तरी लागते. ज्यांनी आजवर एकही झाड जगवलेले नाही त्यांनी याच्यापासून सुरुवात करावी. त्याला पाणी कमी लागते आणि भजी छान होतात.

कढीपत्त्यावर या दिवसांत पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळते. मोठी झाली की ती हिरवी होते आणि चार दिवसांत फांदी बोडकी करते. ती फुलपाखराची अळी असते. झाड मोठे असेल तर एक-दोन अळ्या राहू द्याव्यात आणि मुलांना पुढचे बघू द्यावे. झाड लहान असेल तर त्या उचलून दुसऱ्या मोठ्या झाडावर किंवा लिंबावर सोडाव्यात. मावा किंवा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर आधी पाण्याच्या धारेने धुवावे. तेवढ्याने गेला नाही तर लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचे तेल आणि दोन थेंब साबण मिसळून फवारावे. फवारलेली पाने काही दिवस खाऊ नयेत आणि नंतरही धुऊनच वापरावीत.

दोन इशारे

कुंडीखालच्या बशीत साचलेले पाणी ही या दिवसांतली सर्वांत धोक्याची गोष्ट आहे. डेंग्यू पसरवणारा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. म्हणून दर आठवड्याला एक वार ठरवून सगळ्या बशा ओतून घासून कोरड्या कराव्यात. बाग करायची आणि शेजाऱ्याला आजारी पाडायचे, असे होऊ नये.

दुसरे असे की, शरद ऋतू वैद्यांना आईसारखा पोसतो असे आपल्याकडे जुनी माणसे गमतीने म्हणत. या दिवसांत ताप-खोकला घरोघरी असतो. गवती चहा आणि तुळशीचा काढा घशाला बरा वाटतो, तो अवश्य घ्यावा. पण मुलाला ताप आला तर काढ्यावर दिवस काढू नयेत, डॉक्टरांना दाखवावे. नीट ओळखता न येणाऱ्या झाडाचे पान मुलांनी तोंडात घालू नये, आणि एखादे पान औषध म्हणून रोज घ्यायचे असेल तर जाणत्याला विचारूनच घ्यावे.

नाव जगते कुठे?

आता या विषयाची दुसरी बाजू. ती आम्हांला अधिक बोचते.

मध्यंतरी वर्गात आम्ही मुलांना सांगितले, उद्या येताना कढीपत्त्याची एक डहाळी आणा. बरीच मुले गोंधळली. एकाने धीर करून विचारले, "म्हणजे मीठो लीमडो ना?" मग सगळ्यांचे चेहरे उजळले. पुढे यादीच निघाली. गवती चहा म्हणजे लीली चा, पुदिना म्हणजे फुदीनो, अडुळसा म्हणजे अरडूसी, कोरफड म्हणजे कुंवार, सब्जा म्हणजे तकमरियां. झाडे मुलांना माहीत होती. त्यांची आपल्या घरातली नावे मात्र माहीत नव्हती.

गैरसमज नको. गुजराती ही आपल्या शहराची भाषा आहे, आपल्या शेजाऱ्यांची आहे आणि पिढ्यान् पिढ्या इथे राहिल्यावर ती आपलीही झाली आहे. मुलांना लीली चा म्हणता येते याचा आम्हांला आनंदच आहे. बडोद्याच्या मराठी मुलाला एका झाडाची दोन नावे यावीत, ही त्याची जादाची मिळकत आहे. त्यातले एक नाव गळून पडते आहे, एवढेच आमचे दुखणे.

आणि ते का गळते? "जा, मागच्या दारी जाऊन गवती चहाची दोन पाती घेऊन ये" हे वाक्य पूर्वी प्रत्येक घरात रोज सकाळी म्हटले जाई. आता मागचे दार नाही, गवती चहा नाही, म्हणून ते वाक्यही नाही. चहात घालायची पाती भाजीवाल्याकडून येते आणि तिथे ती लीली चा याच नावाने मागावी लागते. पाठ्यपुस्तकात शब्द छापून हे भरून निघणार नाही. शब्दाला कोणीतरी रोज हाक मारावी लागते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. योगायोगाने तो घटस्थापनेचा दिवस होता. आपल्याकडेही पेढे वाटले गेले, अभिनंदनाचे निरोप फिरले, आणि ते योग्यच होते. पण भाषेचेही घटासारखेच आहे. उत्सवाचे नऊ दिवस पाणी घालायला सगळे येतात. दहाव्या दिवशी मुलाला "मीठो लीमडो, म्हणजेच आपला कढीपत्ता" असे हाताला धरून दाखवायला आई, आजी किंवा बाईच लागते.

पुरातून परत आलेली कुंडी

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, ते दिवस कोणी विसरलेले नाही. नदीकाठच्या एका वस्तीत आमच्या एका विद्यार्थ्याचे तळमजल्यावर घर आहे. दोन दिवस घरात पाणी होते. ओसरल्यावर पाहिले तर आजींच्या कुंड्यांपैकी काही वाहून गेल्या होत्या, काही चिखलाने भरल्या होत्या. तुळस कुजली होती. आजी सामानापेक्षा त्या कुंड्यांसाठीच जास्त हळहळल्या, असे त्या मुलाने सांगितले. पुराच्या चिखलात गटाराचे पाणी मिसळलेले असते, म्हणून ती माती ठेवता येत नव्हती. सगळे टाकून द्यावे लागले.

नवरात्रात दुसऱ्या भागात राहणाऱ्या, पूर्वीच्या शेजारीण असलेल्या एक गुजराती मासी एक कुंडी घेऊन आल्या. म्हणाल्या, "लो बा, आ तमारी ज लीली चा छे." बऱ्याच वर्षांपूर्वी आजींनीच त्यांना एक ठोंब काढून दिला होता. त्याचाच हा भाग. सोबत ओव्याच्या पानाची फांदीही होती, तीही मूळची आजींचीच. आज त्या घरी पुन्हा गवती चहा आहे, आणि आमचा विद्यार्थी शनिवारी शाळेत येताना त्याची पाती रुमालात बांधून आणतो.

विकत आणलेले रोप मेले की संपले. दिलेल्या रोपाचे तसे नसते. म्हणून आमचा आग्रह असा की, या झाडांची देवाणघेवाण व्हावी आणि शक्य तोवर ती बाजारातून येऊ नयेत.

काही आक्षेप

जागा नाही, असे अनेकजण म्हणतील. वाडे गेले, परसू गेले, हे खरे आहे. पण खिडकीच्या जाळीत एक कुंडी पुदिना आणि एक तुळस राहते. तेलाचा रिकामा डबा किंवा फुटकी बादली, तळाला भोके पाडून, कुंडीइतकीच चालते.

वेळ नाही, असेही म्हणतील. चार कुंड्यांना रोज पाच मिनिटे लागतात. नवरात्रात ती मिळतात, याचा अर्थ घरात ती आहेत.

कोथिंबीर दहा-वीस रुपयांना मिळते, मग हा खटाटोप कशाला, हा आक्षेप सर्वांत खरा आहे. पैशांच्या हिशोबात आम्ही हरू. चार कुंड्यांनी कोणाचा भाजीखर्च वाचत नाही. पण दहा वर्षांच्या मुलाच्या जिम्मेवारीवर घरात दुसरे काय असते? दप्तर आई भरते, रिक्षावाले काका आणून सोडतात, गृहपाठ शिकवणीच्या ताई करून घेतात. एक कुंडी अशी असावी की जिला त्याने पाणी घातले नाही तर ती सुकेल, आणि घातले तर वाढेल. ती सुकली तर मोठ्यांनी रात्री गुपचूप बदलून ठेवू नये. सुकू द्यावी. मग त्याला विचारावे, आता काय करायचे?

शाळेला आणि विश्वस्तांना विनंती

आमच्या सूचना पाच आहेत.

१. या वर्षी रोपे विकत आणू नयेत. घटस्थापनेच्या आधीच्या शनिवारी ज्यांच्या घरी झाडे आहेत त्यांनी फांद्या आणि ठोंब आणावेत, ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी न्यावेत. प्रत्येक कुंडीवर मराठी आणि गुजराती अशी दोन्ही नावे मुलांच्या अक्षरात लिहावीत.

२. दिवाळीच्या सुट्टीत शाळेतल्या कुंड्या कुलपात राहू नयेत. प्रत्येक कुंडी एका विद्यार्थ्याच्या घरी जावी आणि सुट्टीनंतर परत यावी.

३. मोजणी दोनदा व्हावी, तुळशीच्या लग्नाला आणि होळीला. जगलेल्या झाडाची नोंद वहीत व्हावी आणि मेलेल्याचीही व्हावी, ते का मेले या कारणासकट. मेलेल्या झाडाबद्दल कोणाला रागावू नये. कारण खोटे लिहिले तर मात्र रागावावे.

४. महिन्यातून एक तास एखाद्या आजी-आजोबांना वर्गात बोलवावे. त्यांच्याकडे झाडांची माहिती आहे आणि शब्दही आहेत. ऐकायला कोणी नाही, एवढीच त्यांची अडचण आहे.

५. शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवण्याचा विचार चालू असल्याचे ऐकतो. पावसाळ्यात तिथे चिखल होतो, मुले घसरतात, हे आम्ही रोज पाहतो. तेव्हा हा विचार गैर आहे असे म्हणणार नाही. विश्वस्तांना विनंती इतकीच की, दक्षिणेकडून ऊन येते त्या भिंतीलगत सहा फुटांची पट्टी मातीचीच राहू द्यावी आणि तिथे एक नळ द्यावा. खर्च वाढणार नाही, थोडा कमीच होईल.

आपल्या शहरात हे काही नवे मागणे नाही. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली लोकांसाठी कमाटीबाग उघडली आणि १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. बाग आणि शाळा दोन्ही त्यांनी दिल्या. बागेला आज सयाजीबाग म्हणतात, नाव महाराजांचे आहे. पण जवळजवळ दीडशे वर्षे तिला जगवले ते रोज सकाळी झारी घेऊन निघणाऱ्या माळ्यांनी, ज्यांची नावे कुठल्याही पाटीवर नाहीत. शाळेचेही तसेच असते. ती स्थापन करणाऱ्यांचे फोटो कार्यालयात लागतात. ती चालते दहाव्या दिवशी येणाऱ्या माणसांवर.

तेव्हा पालकहो, या वर्षी घट उठले की परातीतली माती टाकू नका. देवाची माती आहे, तिचे यापेक्षा चांगले काय करणार? ती एका कुंडीत भरा, वर मूठभर खत घाला, रात्री भिजवलेले धने पेरा आणि कुंडी घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या स्वाधीन करा. दुपारचे ऊन कडक असेल तर थोडी सावली करा. आठ दिवस काहीच दिसणार नाही, पाणी मात्र रोज घालायचे, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

दिवाळीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी आम्ही दाराशी वही घेऊन उभे असू. कोथिंबिरीची एक काडी घेऊन या. नाही उगवली, तर का नाही ते लिहून आणा.